काकू वर गेम खेळतेय

गेल्या उन्हाळ्यात मुलाचा पुण्याहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आई, तू अजून तो गेम खेळतेस? सोड आता. मेला तो."

"तुझ्यासाठी मेला असेल," मी म्हटलं. "मी आत्ताच तिथून येतेय. चांगला जिवंत आहे."

मग त्याने मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. समोरचे निम्मे खेळाडू माणसं नसतातच, कंपनीने सोडलेली यंत्रं असतात. उरलेल्यांत लबाड, ज्यांना भिंतीपलीकडचंही दिसतं. त्यातून जी खरी माणसं उरतात ती शिव्या देतात. आणि खेळापेक्षा दुकानच मोठं झालंय; नवा झगा घ्या, नवी टोपी घ्या, सोनेरी बंदूक घ्या. "पूर्वीची मजा राहिली नाही आई. आमच्या ग्रुपमधलं कुणीच खेळत नाही आता."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी रोज तिथं असते, मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरीही मी खेळते, आणि का खेळते हे कुणी विचारलं की माझा आवाज जरा चढतो. तो का चढतो तेच सांगायला बसले आहे.

माझं माहेर नेपानगर. वडील कागद कारखान्यात होते. कॉलनीत बरीचशी घरं आमच्यासारखीच, नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेली. त्यामुळे घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि मैदानावर दोन्हीची खिचडी. क्लबामागच्या मोकळ्या जागेत आम्हा मुलींची खो-खोची टीम होती. मी पाठलागाला चांगली होते. आमची टीम एकदा खंडव्याला जाऊन हरून आली, पुढच्या वर्षी जाऊन जिंकून आली. कप कुणाच्या घरी गेला ते आठवत नाही. आठवते ती पाठीवर पडलेली थाप आणि कानाशी आलेलं "खो". ते ऐकलं की अंग आपसूक उठायचं. आता तू धाव, आम्ही बसलोय तुझ्यासाठी, असं त्यात असायचं.

लग्न होऊन बुऱ्हाणपूरला, लोधीपुऱ्यात आले आणि खेळ संपला. कुणी बंदी घातली नाही. बंदी घालायला आधी कुणाच्या डोक्यात तर यायला हवं, की ही बाई खेळत असेल. निंबोल्याला आमच्या केळीच्या बागा, घरात जेठ म्हणजे थोरले दीर, जाऊबाई, त्यांची मुलगी, आमचा मुलगा, कापणीच्या दिवसांत मजुरांचा चहा. दिवस कसा जायचा कळायचं नाही. मुलांना मी मैदानावर न्यायची, त्यांचे मळके कपडे धुवायची. मैदानाच्या कडेला उभी राहिले की पायात काहीतरी व्हायचं, इतकंच.

मग ते वर्ष आलं, जेव्हा सगळं जग घरात कोंडलं होतं. मुलगा कॉलेज बंद म्हणून घरी बसला होता आणि दिवसभर मित्रांबरोबर फोनवर हा गेम खेळायचा. चार-चार जणांच्या टोळ्या एका बेटावर उतरतात, बंदुका शोधतात, मैदान हळूहळू आवळत जातं आणि शेवटी जी टोळी उरते ती जिंकते. गोळी लागून पडलेल्याला सोबत्याने वेळेत जाऊन उचललं तर तो पुन्हा उभा राहतो. एक दिवस त्यांच्यातला एक जण आजारी पडला. मुलगा स्वयंपाकघरात आला.

"आई, तुझा फोन घे आणि ये. तुला काही करायचं नाही. एका झाडीत बसून राहा. फक्त मरू नकोस."

मी बसले. पुढचे काही दिवस बसतच गेले. मग मला झाडीचा कंटाळा आला. एका दुपारी मुलाच्या मागून एक जण येत होता. मुलाला तो दिसत नव्हता, मला दिसत होता. मी उठले आणि त्याच्या मागे धावले. नेम धरणं मला अजून जमत नव्हतं, पण पाठलाग जमत होता.

"कुणी मारलं त्याला?" मुलगा ओरडला.

"मी."

"आई, तू झाडीतून बाहेर कशाला आलीस?"

त्यानंतर मी पुन्हा झाडीत गेले नाही.

पुढे मुलाला पुण्यात नोकरी लागली. त्याचे मित्रही पांगले, एकेक करून त्यांनी गेम काढून टाकला. मी एकटी उरले. एकटीने उतरलं की कंपनी कुणाही तिघांशी आपली गाठ घालून देते. सुरुवातीला मी माझा आवाज बंद ठेवून खेळले, कारण बाईचा आवाज ऐकला की काय होतं ते मुलाने सांगून ठेवलं होतं. पण तोंड बंद ठेवून हा खेळ होत नाही. मागून कोण येतंय ते सोबत्याला सांगायचं कसं? शेवटी एका दुपारी मी माइक चालू केला आणि म्हटलं, "पुलाकडे दोघे आहेत."

मग एका कोवळ्या आवाजाचा पोरगा हसायला लागला. "अरे यार, टीम में आंटी आ गई! आंटी, जाके रोटी बनाओ."

मी खेळत राहिले. थोड्या वेळाने एका पडक्या गोदामापाशी तोच पोरगा गोळी लागून पडला. सगळ्यांत जवळ मीच होते.

"आंटी! आंटी, उठाओ ना! जल्दी!"

"बेटा, रोटी तवे पे है," मी म्हटलं. "जल जाएगी."

त्याचा खेळ तिथंच संपला. उरलेल्या दोघांपैकी एक जण इतका हसला की त्याला ठसका लागला. मोठ्या वयाचा, घोगरा आवाज होता. म्हणाला, "बहनजी, आपकी टीम में जगह है क्या?"

ते सागर शहरातले निवृत्त हवालदार. आमच्या टोळीची सुरुवात ही अशी झाली. आयुष्यभर खरी बंदूक हाताळलेला हा माणूस फोनवर मात्र समोरच्या झाडावर गोळ्या झाडतो आणि वर वाऱ्याला दोष देतो. पुढे वर्ध्याची एक नर्स आली. कुणी पडलं की ती आडोसा न बघता उचलायला धावते आणि स्वतः पडते. कितीदा सांगितलं, ऐकत नाही. मग जळगावची एक कॉलेजातली मुलगी आली. ती बोलते कमी आणि नेम असा धरते की आम्ही तिघं मिळून तिच्या एकटीएवढे नाही. यांतल्या कुणाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. पण आवाज ऐकला की कळतं, नर्सबाईंची ड्यूटी वाईट गेली आहे, हवालदारांचा गुडघा दुखतोय.

आमची वेळ दुपारची. जेवणं आटोपली की इथलं ऊन रस्ता रिकामा करून टाकतं. सगळ्यांची दारं लागतात, कूलर सुरू होतात, घरातले आडवे होतात. मी वरच्या खोलीत जाते, कानाला इयरफोन लावते आणि बेटावर उतरते. लाइट गेली नाही तर दोन डाव सहज होतात.

आता त्या दिवसाचं सांगते.

जेठांच्या मुलीला, माझ्या पुतणीला, बघायला रावेरकडचे पाहुणे येणार होते. संध्याकाळी पाचला येतो म्हणाले होते. दराब्याची मिठाई आणली होती, मावा जलेबी सांगून ठेवली होती, बैठकीतल्या गाद्यांवर धुतलेल्या चादरी होत्या. माझं काम झालं होतं, म्हणून मी नेहमीप्रमाणे वर गेले. पाहुण्यांचं मंडीतलं काम लवकर आटोपलं आणि ते तीन वाजून गेल्यावरच दारात हजर झाले. जाऊबाईंनी मला खालून हाका मारल्या. माझ्या कानात इयरफोन.

वर आमचा डाव रंगात आला होता. मैदान आवळत एका टेकडीवर आलं होतं. समोर शेवटची टोळी, इकडे आम्ही. हवालदार पडले, त्यांना उचलायला धावलेल्या नर्सबाई पडल्या. मी आणि जळगावची मुलगी उरलो. खिडकी उघडी होती आणि मी ओरडत होते: "मागून येतोय! सोडू नकोस! ठोक त्याला, ठोक! अगं ठोक! मेला! मेला रे मेला!"

खाली, नेमकी माझ्या खिडकीखालच्या बैठकीत, बघायला आलेल्या मुलाच्या मामांनी जलेबीचा तुकडा तोंडाशी नेला होता. तो तसाच राहिला, असं नंतर जाऊबाईंनी सांगितलं.

आम्ही तो डाव जिंकलो. मी घामाघूम, खुशीत जिना उतरले आणि ओट्यावर अनोळखी चपला दिसल्या. पदर सावरून आत गेले, नमस्कार केला, चहा दिला. मुलाची आई माझ्याकडे बघत होती आणि मुलगा खाली मान घालून हसू दाबत होता. त्याने विचारलं होतं म्हणे, वर कोण आहे? आणि पुतणीने सरळ सांगितलं होतं, "काकू आहे. वर गेम खेळतेय."

काही दिवसांनी नकार आला. पत्रिका जुळत नाही म्हणाले. पत्रिका तर आधीच जुळवून मग बघायला आले होते, त्यामुळे खरं कारण काय ते घरात सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं.

त्याच दिवशी जेठांनी बैठकीत बोलावलं. जेठ, जाऊबाई, आमचे हे आणि मी. पुतणी दाराआड उभी होती.

"आजपासून या घरात तो गेम बंद," जेठ म्हणाले. "लोकांत शोभा झाली आपली."

मी म्हटलं, "भाऊजी, आवाज खाली गेला याचं मला वाईट वाटतं. पाहुणे आलेत हे कळलं असतं तर मी फोन ठेवून खाली आले असते. पण खेळ बंद होणार नाही."

त्या बैठकीत मी इतक्या वर्षांत "होणार नाही" हे शब्द उच्चारले नव्हते. जाऊबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हे काय वय आहे का?"

"तुम्ही रोज संध्याकाळी चौकात पत्ते खेळता, भाऊजी."

"पत्त्यांचं वेगळं. तिथं ओळखीची माणसं असतात. तुझी ही कोण कुठली माणसं? तोंड तरी पाहिलंयस का त्यांचं?"

"तोंड नाही पाहिलं. पण मी पडले की उचलायला येतात."

ते त्यांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ते माझ्या नवऱ्याकडे वळले. "तू सांग हिला."

आमचे हे भावासमोर फार बोलत नाहीत. तरी म्हणाले, "दुपारी तिचं काम आटोपलेलं असतं, दादा. काम राहिलं असतं तर मीच बोललो असतो."

ते माझ्या बाजूने बोलले, हे मला कळत होतं. तरी मला जेठांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. म्हणजे काम संपवल्याची मजुरी म्हणून मला खेळू द्यायचं? पत्त्यांना जाताना जेठांना कुणी विचारतं का, बागेतलं काम झालं का म्हणून?

"काम राहिलं असतं तरी खेळले असते," मी म्हटलं.

तेवढ्यात पुतणी दारातून आत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "बाबा, मला एक सांगायचंय. त्या बाईंनी मला आतल्या खोलीत विचारलं, तुमच्या काकू नेहमीच असं ओरडतात का? मी म्हटलं, हो, रोज. तर म्हणाल्या, आमच्याकडे बायकांचा आवाज बैठकीपर्यंत येत नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं, मला तिथं जायचं नाही."

"तुला कुणी विचारलं?" जेठ म्हणाले.

"कुणीच नाही विचारलं, म्हणून सांगतेय."

जेठ उठून गेले. बैठक तिथंच संपली. मी जिंकले असं काही झालं नाही. रात्रीच्या भाकऱ्या करताना जाऊबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझं खेळणं झालं. माझी पोरगी राहिली." मी लसूण सोलत होते. एका आईचा जीव खरंच जळत होता, आणि तिला द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. उगाच काहीतरी बोलून मी तिची समजूत घातली नाही. त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले. तिघं वाट बघत होते. मी सगळी हकिकत सांगितली. मामांच्या जलेबीपर्यंत आले तेव्हा नर्सबाई हसल्या, मग नकार ऐकून हळहळल्या. हवालदार म्हणाले, "बहनजी, घरवालों को मना लो, पर मोर्चा मत छोड़ना." ते सगळ्याच गोष्टींवर असं बोलतात.

मग जळगावची मुलगी बोलली. "काकू, माझ्या घरी तर माहीतच नाही. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून खेळते. आई आली की फोन ओढणीत लपवते."

इतका चांगला नेम असलेली मुलगी टाकीमागे लपून बसते! मला तिचं वाईट वाटलं आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटली. मी तरी काय करत होते? वरची खोली, लावलेलं दार, घर झोपल्यावरची वेळ. टाकी नव्हती एवढंच.

मी तशीच उठले. फोन हातात, डाव सुरू. जिना उतरले, बैठकीत आले, मधल्या गादीवर मांडी घालून बसले आणि दार सताड उघडं ठेवलं. जाऊबाई आतून डोकावल्या आणि परत गेल्या. आमचे हे झोपेतून उठून आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथं कूलरची हवा येत नाही, जरा सरकून बस." मी सरकून बसले.

तेव्हापासून मी बैठकीतच खेळते.

गेल्या उन्हाळ्यातल्या त्या फोनवर मुलगा विचारत होता, मग यात उरलंय काय? मी त्याला माझ्या परीने सांगितलं. समोर यंत्रं असतील, माझ्या बाजूची तिघं यंत्रं नाहीत. लबाडांचं म्हणशील, तर खंडव्याच्या त्या हरलेल्या सामन्यात समोरच्यांनी वय लपवून थोराड मुली उतरवल्या होत्या. म्हणून आम्ही खो-खो सोडला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. दुकानातलं मी काहीच घेत नाही. फुकट मिळालेल्या बनियनवर खेळते आणि झगेवाल्यांना त्याच बनियनवर मारते. शिव्या देणाऱ्यांसाठी तिथं आवाज बंद करायचं बटण आहे. असं बटण मला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळालं, सांग.

"पण आई, आम्ही सगळे होतो तेव्हाची मजा..."

"ती तुमची मजा होती. तुमचे दोस्त होते, ते गेले, म्हणून तुमची मजा गेली. माझे दोस्त आत्ता कुठे आले आहेत."

तो मग हळूच म्हणाला, "तुमच्यात कुणी कधी गैरहजर असलं, तर मला बोलाव."

"आधी सराव कर," मी म्हटलं.

मला कुणी विचारतं, या खेळातून मिळतं काय? बागेचं विचारावं तसं, एका झाडाला एक घड, असा हिशोब लावून विचारतात. खो-खोतून काय मिळालं होतं? घरात मला दिवसभर हाका येतात: चहा आण, किल्ली कुठे ठेवलीस, मजूर आलेत. दुपारी तिथंही हाक येते, पण ती असते, "ताई, डावीकडून ये, तू आलीस की मी निघते." ती ऐकल्यावर पन्नाशीला टेकलेलं हे अंग अजून उठतं. कंपनीने उद्या गेम बंद केला तर आम्ही चौघं दुसरा शोधू. तोही बिघडेल. मग तिसरा शोधू.

पुतणीचं लग्न पुढे अमरावतीला जमलं. ते लोक बघायला आले तेव्हा मी खाली चहा करत होते, त्यामुळे त्याचं श्रेय माझं नाही आणि आधीचा दोषही मी घेत नाही. लग्नाच्या साड्या घ्यायला जाताना जाऊबाई मला म्हणाल्या, "चल, तुला रंगातलं कळतं." मी गेले.

जेठांनी मात्र माघार घेतलेली नाही. मी बैठकीत बसले की तेही येऊन समोरच्या खुर्चीत बसतात आणि टीव्हीवर बातम्यांची चर्चा लावतात, जिच्यात सगळे एकाच वेळी ओरडत असतात. मला उठवायचं म्हणून आवाज वाढवतात. मी उठत नाही. परवा आवाज इतका वाढला की माइकमधून तो थेट सागरपर्यंत गेला.

"बहनजी," हवालदारांनी काळजीने विचारलं, "आपके यहाँ कौन लड़ रहा है?"

"टीव्हीवाले हैं," मी म्हटलं. "उन्हें छोड़ो. उत्तर से गाड़ी आ रही है, सब नीचे बैठो."